जमत नसेल तर काय, हे सांगणारं पुस्तक

२१ जूनचा योग दिन जवळ आला की पनवेलजवळच्या रोडपालीत योगाचा विषय हमखास निघतो. सकाळी तलावाकडे फिरायला जाणाऱ्यांत निघतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निघतो, दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेल्यांतही निघतो. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं असतं. वर्ग लावावा म्हटलं तर तळोजा एमआयडीसीतली पाळी बदलत राहते आणि वर्गाची वेळ जमत नाही. मग पनवेलला गेल्यावर एखादं पुस्तक घरी येतं. सतरंजी अंथरून, पुस्तक समोर उघडं ठेवून आठ-दहा दिवस उत्साहात जातात. श्रावण लागेपर्यंत ते पुस्तक कपाटात गेलेलं असतं.

यात आळसाचा वाटा असेलही. पण हीच माणसं पुस्तकावरून स्वयंपाक शिकलेली असतात. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून कितीतरी नवशिक्यांना हाताला धरून शिकवलं, कारण त्यात वाटी-चमच्याचं माप होतं. योगाच्या बऱ्याच पुस्तकांत नेमकं हे मापच नसतं. किती वाकायचं, किती वेळ राहायचं, काय दुखलं तर चालेल आणि काय दुखलं तर लगेच सोडायचं, याबद्दल पुस्तक गप्प असतं. ते ज्याला आसन आधीच येतं त्याच्याशी बोलत असतं आणि नवशिक्या ते नुसतं ऐकत राहतो.

म्हणून पहिलं पुस्तक घेताना त्यात किती आसनं आहेत हे मोजू नये. ज्याला ती जमत नाहीत त्याच्यासाठी त्यात किती ओळी आहेत, ते पाहावं. यामागचं कारण शरीराच्या रचनेत आहे.

फोटोत काय दिसत नाही

पश्चिमोत्तानासनाचं पान उघडावं. पाय सरळ पसरून बसलेला माणूस, हातांनी धरलेले अंगठे, गुडघ्यांवर टेकलेलं कपाळ. फोटो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा काय भरतं? हात अंगठ्यांना लागलेत, हे. मग तोही हात अंगठ्यांना लावायच्या मागे लागतो.

आता आत काय घडतं ते पाहू. मांडीच्या मागच्या बाजूचे लांब स्नायू वर, आपण बसताना जमिनीला टेकणाऱ्या हाडांपासून निघतात आणि खाली गुडघा ओलांडून पोटरीच्या हाडांना जोडलेले असतात. गुडघा सरळ ठेवून पुढे वाकायचं म्हटलं की हे स्नायू दोन्ही टोकांकडून ताणले जातात. ते लवचीक असतील तर कमरेखालचा हाडांचा सांगाडा, म्हणजे श्रोणी, पुढे कलते आणि पाठ बऱ्यापैकी सरळ राहून माणूस मांड्यांच्या सांध्यातून वाकतो. ते आखडलेले असतील तर श्रोणीला मागून धरून ठेवतात आणि ती हलतच नाही. हात तर अंगठ्यांपर्यंत न्यायचेच आहेत, मग राहिलेलं अंतर कोण भरून काढणार? कंबर भरून काढते. ती गोल होते, मणक्यांमधल्या चकत्या पुढच्या बाजूने दाबल्या जातात आणि मागचे बंध ताणले जातात. दुसऱ्या दिवशी कंबर धरते ती अशी.

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात दिवसभर ओझी उचलणारा, ट्रकच्या स्टिअरिंगवर बसून रात्र काढलेला किंवा कार्यालयात आठ तास खुर्चीला खिळलेला माणूस, या तिघांचेही हे स्नायू बहुधा आखडलेलेच असतात. त्यांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात किमान एवढं तरी लिहिलेलं हवं: बसण्याखाली घडी घातलेली चादर घ्या, गुडघे थोडे वाकवा, वाकणं मांडीच्या सांध्यापासून सुरू करा, हात पोटरीपर्यंत पोचले तरी पुरे. ज्या पुस्तकात या चार सूचना आहेत ते शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेलं आहे, हे ओळखायला दुसरा पुरावा लागत नाही.

सवयीला सरळ वाटणारं वाकडेपण

पुस्तकावरून शिकण्यात दुसरी अडचण अशी की आपण कसे उभे आहोत हे आपल्याला दिसत नाही, फक्त जाणवतं. स्नायू, त्यांची टोकं आणि सांधे यांतून मेंदूकडे सतत संदेश जात असतात. डोळे मिटूनही बोट नाकावर नेता येतं ते यामुळेच. पण ही जाण सवयीवर बेतलेली असते. वर्षानुवर्षं पोक काढून बसणाऱ्याला पोक हीच सरळ बसण्याची जागा वाटते. त्याला खरोखर सरळ बसवलं तर तो म्हणतो, ‘मी मागे झुकलोय.’ ताडासनात खांदे एकसारखे आहेत, हे तो शपथेवर सांगेल आणि समोरच्याला एक खांदा खाली दिसत असेल.

वर्गात ही चूक शिक्षकाच्या नजरेला पडते. पुस्तकाला नजर नाही. त्यामुळे चांगला लेखक वाचकाला तपासणीची साधनं देतो. भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ लावून उभं राहा. त्रिकोणासन भिंतीला पाठ लावून करा, म्हणजे धड पुढे पडतंय का ते कळेल. भुजंगासनातली तपासणी तर फार सुंदर आहे. छाती उचलून झाली की तळहात जमिनीपासून क्षणभर बोटभर वर घ्यायचे. छाती तिथेच राहिली तर काम पाठीच्या स्नायूंनी केलं आहे. धपकन खाली आली तर सगळं हातांनी रेटलं होतं. अशी वेळ आली की छाती खाली घ्यायची आणि पाठ पेलू शकेल तेवढंच उचलायचं. फोटोत छाती फूटभर वर आहे की चार बोटं, याला मग महत्त्व राहत नाही.

अशा तपासण्या पुस्तकात शोधाव्यात. ‘पाठ ताठ ठेवा’, ‘शरीर सैल सोडा’ एवढंच लिहिलेलं असेल तर घरी एकट्याने करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

जाणं, राहणं, येणं

प्रत्येक आसनाचे तीन भाग असतात: त्यात जाणं, त्यात राहणं आणि त्यातून बाहेर येणं. फोटो मधल्या भागाचा असतो. अपघात पहिल्या आणि तिसऱ्या भागातही होतात.

श्वासाचं पाहा. पुढे वाकताना पोट दाबलं जातं आणि छाती-पोटामधला स्नायूंचा पडदा वर सरकतो, म्हणून वाकताना श्वास सोडणं सोपं जातं. मागे वाकताना छाती उघडते, म्हणून श्वास घेणं सोपं जातं. हे एकदा समजलं की पाठांतर करावं लागत नाही. नवशिक्या मात्र जोर लावताना श्वास कोंडून धरतो. कोंडलेल्या श्वासासह लावलेला जोर रक्तदाब एकदम वर नेतो. चाळिशी ओलांडलेल्या आणि कधी रक्तदाब न मोजलेल्या माणसाने तर हे टाळायलाच हवं. पुस्तकात मुक्काम सेकंदांऐवजी श्वासांत सांगितला असेल, ‘पाच संथ श्वास’ असा, तर एका वाक्यात दोन्ही कामं होतात. श्वास चालू राहतो आणि घड्याळाकडे मान वळवावी लागत नाही.

बाहेर येण्याचंही तेच. उभ्याने खाली वाकून झटकन वर आलं की काहींच्या डोळ्यांसमोर अंधारी येते. डोकं खाली असताना शरीराने रक्तदाबाची घडी तशी बसवलेली असते. एकाएकी उभं राहिल्यावर ती बदलायला काही क्षण लागतात आणि तेवढ्यात मेंदूला रक्त कमी पडतं. त्यामुळे ‘पूर्वस्थितीत या’ या दोन शब्दांवर भागवणारं पुस्तक अपुरं आहे. गुडघे वाकवून, हात मांड्यांवर ठेवून, डोकं सर्वांत शेवटी वर आणा, इतकं तरी त्यात हवं.

चौकट: दुकानात उभ्याउभ्या

पश्चिमोत्तानासनाचं पान काढा. गुडघे वाकवण्याची मुभा दिली आहे का?
भुजंगासनाचं पान काढा. आत जाण्याइतक्याच ओळी बाहेर येण्याला आहेत का?
कुणी करू नये, हे प्रत्येक आसनाखाली आहे की पुस्तकाच्या शेवटी एकाच ओळीत?
पहिल्या महिन्याचा क्रम दिला आहे का? शीर्षासन त्यात असेल तर पुस्तक परत ठेवा.
पुस्तक जमिनीवर उघडं राहतं का? अक्षरं उभ्याने वाचता येतात का?

द्रुतगती मार्गाच्या दोन दिशांना

रोडपालीकरांना योगाच्या पुस्तकांचा इतिहास शोधायला हिमालयात जायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो आणि घाट चढला की लोणावळा येतं. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं. उलट दिशेला, मुंबईत, श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली होती. ती पुढे सांताक्रूझला गेली. दोघांचे गुरू एकच, नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदासजी. आज जगभर योगाची जी पुस्तकं लिहिली जातात त्यांचा साचा घडवण्यात या दोन संस्थांचा वाटा मोठा आहे.

कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेतले, अमळनेरला शिक्षणकार्य केलं. आसनांचे फायदे परंपरेने सांगितले आहेत म्हणून मानायला ते तयार नव्हते. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना आतला दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्राने मोजलं, क्ष-किरणांनी पाहिलं आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. तेही १९२४ मध्येच निघालं. त्यांच्या ‘आसने’ या पुस्तकात याच वृत्तीचा माणूस बोलतो. कृती वेगळी, शरीरावरचा परिणाम वेगळा, पूर्ण अभ्यासक्रम आणि लहान अभ्यासक्रम वेगळे. छपाई जुन्या वळणाची वाटेल, फोटो चकचकीत नाहीत. तरीही एखाद्या गोष्टीमागचं कारण विचारणाऱ्या वाचकासाठी ते आजही उत्तम आहे. त्याच्या जोडीला कैवल्यधामच्याच डॉ. म. म. गोरे यांचं योगाभ्यासाच्या शरीरशास्त्रावरचं पुस्तक घेतलं तर वर सांगितलेल्या स्नायू-सांध्यांच्या गोष्टी नीट उलगडतात.

योगेंद्रांचा भर संसारी माणसावर होता. आसनं सोपी करून सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९२८ चं आहे. संसार, नोकरी, मुलंबाळं सांभाळून जमेल तेवढाच योग, ही त्यांची दिशा. महाराष्ट्रात हा धागा पुढेही चालू राहिला. नागपूरच्या जनार्दनस्वामींनी ‘सुलभ सांघिक आसने’ लिहिलं ते सामान्यांनी एकत्र येऊन आसनं करावीत म्हणून. ठाण्याचं घंटाळी मित्र मंडळ आणि नाशिकचं योग विद्या धाम यांनीही मराठीतून शिकवण्याची परंपरा जपली. अशा संस्थांच्या पुस्तकांचा एक फायदा असा की ती वर्गात वर्षानुवर्षं वापरून घासलेली असतात. नवशिके कुठे अडखळतात हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.

सूर्यनमस्काराच्या पुस्तकांतही महाराष्ट्राची परंपरा मोठी. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि त्यावर लिहीत. त्यांची पद्धत सांगणारं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. पण नुसतं सूर्यनमस्काराचं पुस्तक पहिलं म्हणून घेऊ नये. नमस्कारात पुढे वाकणं, मागे वाकणं आणि हातांवर भार घेणं एका दमात येतं. यातलं प्रत्येक सुटं जमायला लागल्यावर ते एकत्र बांधावं.

अय्यंगारांचं मोठं पुस्तक

योगाचं पुस्तक म्हटलं की जाणकार ‘योगदीपिका’ सुचवतात. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि तिथलेच झाले. त्यांचं मूळ इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये लंडनला छापलं गेलं. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. दोनशेच्या आसपास आसनं, जवळपास सहाशे फोटो आणि प्रत्येक आसनापुढे अवघडपणाचा आकडा. ताडासनाला १, सर्वांत कठीण आसनाला ६०. शेवटी तीनशे आठवड्यांचा क्रम दिलेला आहे.

हे पुस्तक घरी असावं, यात शंका नाही. पण ते पहिलं असावं का? बहुतेकांसाठी नाही. कारण फोटोतलं शरीर अय्यंगारांचं आहे. भिंत, खुर्ची, पट्टा, ठोकळा अशा साधनांनी आखडलेल्या शरीरालाही आसन कसं साधेल, हे काम त्यांनी पुण्यात पुढे फार मोठ्या प्रमाणावर केलं आणि १९६६ च्या पुस्तकात ते जवळपास नाही. ते त्यांच्या नंतरच्या पुस्तकांत आहे, विशेषतः २००१ च्या मोठ्या सचित्र इंग्रजी पुस्तकात. एकाच गुरूच्या दोन पुस्तकांत इतका फरक असतो. पहिलं सांगतं आसन कुठवर जाऊ शकतं, दुसरं सांगतं तुम्ही कुठून सुरुवात करायची.

बिहार योग विद्यालयाचं स्वामी सत्यानंदांचं १९६९ चं ‘आसन प्राणायाम मुद्रा बंध’ याच कारणासाठी नवशिक्याला मानवतं. त्याची सुरुवात पवनमुक्तासनाच्या मालिकेपासून होते: पायाची बोटं हलवणं, घोटे फिरवणं, गुडघे, मनगटं, मान. सत्तरीतल्या आजीबाईंनाही पहिल्या दिवशी जमेल असं काहीतरी पहिल्याच पानांत सापडतं आणि कोणी काय करू नये हे आसनागणिक लिहिलेलं आहे.

पतंजली आधी की नंतर?

काहीजण थेट मुळाकडे जातात आणि पातंजल योगसूत्रं आणतात. हेतू चांगला, पण निराशा ठरलेली. सुमारे १९५ सूत्रांत आसनाविषयी जेमतेम तीन आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. तो ग्रंथ चित्ताचा आहे. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं येतात, घेरंडसंहितेत बत्तीस. पण ते ग्रंथ गुरूजवळ बसलेल्या शिष्यासाठी आहेत, चार ओळींत आसन संपतं. शिवाय नावंही फसवतात. आज आपण गुडघे दुमडून टाचांवर बसतो त्याला वज्रासन म्हणतो. हठप्रदीपिका मात्र ते सिद्धासनाचं दुसरं नाव सांगते आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ते मूळबंधाच्या वर्णनात येतं.

हे वाचायचं नाही असं नाही. कृ. के. कोल्हटकरांचं पातंजल योगदर्शनावरचं मराठी पुस्तक म्हणजे मोठा ठेवा आहे. शरीर वर्षभर रुळलं, श्वास संथ झाला की ते हाती घ्यावं. तेव्हा त्यातल्या शब्दांना अनुभवाचा आधार मिळतो.

धोक्याची पानं

पुस्तकाची पारख त्याच्या शीर्षासनाच्या पानावरही होते. सरळ उभं असताना मान फक्त डोक्याचं वजन पेलते. शीर्षासनात हातांनी भार नीट घेतला नाही तर उरलेल्या शरीराचं ओझं तिच्यावर येतं. डोळ्यांतला दाबही या स्थितीत साधारण दुप्पट होतो. काचबिंदू असणाऱ्यासाठी हे घातक आहे आणि काचबिंदू अनेकांना असूनही ठाऊक नसतो. आयुष मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी २०१५ पासून जो सामायिक क्रम ठरवला आहे, त्यात शीर्षासन नाही, पूर्ण सर्वांगासनही नाही. मान-खांदे-गुडघे सैल करण्यापासून तो सुरू होतो, ताडासन, वृक्षासन, भद्रासन, मकरासन, सेतुबंधासन असं करत शवासन, प्राणायाम आणि ध्यानाशी थांबतो. ही पुस्तिका मोफत मिळते. पहिलं पुस्तक म्हणून तिच्याकडे कमीपणाने पाहू नये.

‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘एकवीस दिवसांत थायरॉइडपासून सुटका’ असं मुखपृष्ठावर असेल तर ते पुस्तक घेऊच नये. अशा वाचनाने गोळ्या बंद करणारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत आणि त्याची किंमत त्यांच्या घरच्यांना मोजावी लागते. योगाने झोप, लवचीकपणा, ताण, कंबरदुखी यांत फरक पडतो, हे सांगायला अतिशयोक्ती लागत नाही.

पाळीत काम करणाऱ्यांनी आणखी एक पान शोधावं. ‘ब्राह्ममुहूर्तावर उठून’ एवढंच लिहिलेलं पुस्तक रात्रपाळीहून सकाळी परतणाऱ्याला काय सांगणार? पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या, मग वेळ कोणतीही चालेल, असं सांगणारं पुस्तक त्याच्या कामाचं.

आणल्यावर

आसनात डोकं खाली असताना पान वाचता येत नाही. म्हणून आदल्या रात्री सूचना शांतपणे वाचून आपल्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड कराव्यात, श्वासांना पुरेसा वेळ देऊन. सुरुवातीला पाच-सहा आसनं पुरेत. तीन पुस्तकांतली आसनं एकत्र करू नयेत, कारण प्रत्येकाचा क्रम आधीच्या आसनावर बेतलेला असतो. आणि महिना-दोन महिन्यांनी एकदा तरी जाणत्या शिक्षकाला आपली आसनं दाखवावीत. रक्तदाब, हृदय, डोळे, मणका यांचं दुखणं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना आधी विचारावं.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी पनवेलच्या सार्वजनिक वाचनालयात दोन-तीन पुस्तकं मागून चाळावीत आणि पश्चिमोत्तानासनाचं पान तिथेच ताडून पाहावं. ज्याने गुडघे वाकवायची परवानगी दिली, ते घरी आणावं.